आजी, काय झालं ते सांगा

रिटायर झाल्यावर दिवसभर काय करायचं, हा प्रश्न माझ्या नवऱ्याने गोल्फ खेळून सोडवला. मला गोल्फ जमला नाही. आयुष्यभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काचपट्ट्यांवरचे जंतू बघण्यात गेलेली बाई मी, मोकळ्या मैदानात मला काय करावं तेच कळेना. तेव्हा इथल्या मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीने सुचवलं, "तुझं मराठी चांगलं आहे, इंग्रजी चांगलं आहे, फोनवरून इंटरप्रिटरचं काम कर की." परीक्षा दिली, पास झाले आणि अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉयच्या घरातल्या तळघरात, वॉशिंग मशीनच्या शेजारच्या खोलीत, हेडसेट लावून बसायला लागले.

काम असं असायचं. देशात कुठल्याही हॉस्पिटलमध्ये, सरकारी ऑफिसात किंवा पोलिसांत मराठी माणूस अडला, की कंपनी मला फोन जोडून द्यायची. मराठीचे कॉल तसे कमी. बहुतेक मुलांकडे आलेले आई-वडील. कुणाला मधुमेह, कुणाची पडून मांडी मोडलेली. नियम मात्र कडक होते. जे बोललं गेलं तेच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. स्वतःबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आणि 'मी' म्हणजे बोलणारा माणूस. पेशंट म्हणाला, माझ्या छातीत दुखतंय, की मीही इंग्रजीत माझ्याच छातीत दुखतंय असं सांगायचं. सुरुवातीच्या दिवसांत मला इतक्या ठिकाणी दुखलं की नवरा म्हणाला, तुझी एकदा सगळी तपासणी करून घेऊ या.

मला ते काम फार आवडायचं. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगताना ते विसरायला होतं.

तो कॉल उन्हाळ्यातल्या एका दुपारी आला. पलीकडे आमच्याच भागातला एक डिटेक्टिव्ह होता. आवाज शांत, बोलणं अदबीचं. तो म्हणाला, मी हॉस्पिटलमध्ये आहे, एका लहान मुलाचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजलेत, त्या वेळी घरात फक्त त्याची आजी होती, मला तिच्याशी बोलायचंय. मग म्हणाला, "काय झालं ते तिला सांगू दे."

मी म्हणाले, "आजी, काय झालं ते सांगा."

पलीकडून बारीक, थकलेला आवाज आला. "तुम्ही मराठी आहात?"

नियमाप्रमाणे मी तो प्रश्न इंग्रजीत डिटेक्टिव्हला सांगितला. तो म्हणाला, "प्लीज, तिला माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सांगा." मी ते मराठीत सांगितलं. मराठी आहे की नाही, ते मात्र मला सांगता आलं नाही.

आजी बोलायला लागल्या. सूनबाई आणि मुलगा कामावर. बाळाने खीर अंगावर सांडली म्हणून त्याला टबमध्ये उभं केलं. इथल्या नळाला एकच दांडा, इकडे फिरवला की गार, तिकडे फिरवला की गरम, आणि त्यांच्या लक्षात कधी राहायचं नाही. टबच्या तळाला बूच लावलं, नळ सोडला आणि टॉवेल घ्यायला वळल्या. बाळ ओरडलं तेव्हा त्यांना वाटलं, आंघोळ नको म्हणून रडतंय. दुसऱ्यांदा ओरडलं तेव्हा त्यांनी वळून बघितलं.

इथपर्यंत मी वाक्यामागून वाक्य सांगत गेले. मग त्यांचा आवाज फुटला.

"मीच भाजलं हो. मीच भाजलं माझ्या सोन्याला. या हातांनी."

आणि मी, शिकवलं होतं तसं, सपाट आवाजात म्हणाले, "आय बर्न्ड हिम. आय मायसेल्फ बर्न्ड माय गोल्डन वन. विथ दीज हँड्स."

डिटेक्टिव्हने विचारलं, "तिला विचारा, हे तिने स्वतःच्या हातांनी केलं का?"

मी विचारलं. आजी म्हणाल्या, "हो, माझ्याच हातांनी. दुसरं कोण होतं घरात?"

तेही सांगितलं. आणखी थोडे प्रश्न झाले, डिटेक्टिव्हने माझे आभार मानले आणि लाइन बंद झाली. मी हेडसेट काढून वर गेले. नवऱ्याने चहा टाकला होता. तो म्हणाला, "काय गं, चेहरा का असा?" मी म्हटलं, "काही नाही." कॉलमधलं घरी बोलायचं नाही हाही नियमच. पण खरं म्हणजे बोलण्यासारखं काय होतं ते मलाही सांगता आलं नसतं. एकही शब्द चुकला नव्हता. मी मनात दोनदा उजळणी केली. एकही नाही.

पुढच्याच आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर मेसेज फिरायला लागले. एका कुटुंबातल्या आजी, नाशिककडून नातवाला बघायला आलेल्या, त्यांना पोलिसांनी पकडलं होतं. चाइल्ड अब्यूजचा आरोप. जामीन मिळाला होता, पण पासपोर्ट जमा, आणि नातू ज्या घरात आहे त्या घरात पाऊल टाकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम. मुलाने आईला ठेवायचं कुठे? मंडळातल्या एका काकूंनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतलं. आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. मग ठरलं की सगळ्यांनी आळीपाळीने त्यांचा डबा द्यायचा.

मला फोन आला. मी म्हटलं, मला जमणार नाही.

"अगं, साधी भाजी-पोळी," मैत्रीण म्हणाली. "त्या काही खातही नाहीत फारसं."

"गुडघा दुखतोय माझा," मी म्हणाले.

नवरा बाजूला उभा होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "गुडघ्याचा आणि भाजीचा काय संबंध? मी देऊन येतो ना डबा. अशी कशी गं तू?"

मी त्याच्यावर ओरडले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याच्यावर क्वचितच तशी ओरडले असेन. खटल्यातल्या आरोपीशी माझा कसलाही संबंध येता कामा नये, हे मला ठाऊक होतं. पण ते मी कुणाला सांगणार? मंडळात माझी गणना निष्ठुर बायकांत झाली. मला त्याचं बरंच वाटलं. निदान कुठेतरी कुणीतरी मला बोल लावत होतं.

पानं गळायला लागली तेव्हा कंपनीच्या सुपरवायझरचा फोन आला. मला कोर्टात साक्षीला बोलावलं होतं.

कशासाठी, ते समजून घ्यायला मी बरंच वाचलं. आजींनी जे सांगितलं ते डिटेक्टिव्हला कळलं ते माझ्या तोंडून. मग कोर्टात पुरावा म्हणून येणार ते वाक्य कुणाचं? आजींचं की माझं? या एका प्रश्नावर या देशातल्या कोर्टांचं एकमत नाही. काही न्यायाधीश म्हणतात, दुभाषी म्हणजे नळी. एका टोकाने मराठी ओतलं, दुसऱ्या टोकाने इंग्रजी आलं, नळीची काय उलटतपासणी करायची? काही म्हणतात, इंग्रजी शब्द तर दुभाष्याने निवडले. मग आरोपीच्या वकिलाला त्याला प्रश्न विचारायचा हक्क आहे. अलीकडचे निकाल वाचावेत तर एक इकडचा, एक तिकडचा. मी मुलीला फोनवर एवढंच विचारलं, की नियमाप्रमाणे काम केलं आणि त्यातून कुणाचं वाईट झालं तर ते कुणाचं? ती घाईत होती. "आई, यू डिड युअर जॉब," ती म्हणाली.

आजींची वकील सरकारने दिलेली, एक तरुण मुलगी होती. तिचं म्हणणं होतं, मी नळी नाही. सरकारी वकिलाचं म्हणणं होतं, आहे. न्यायाधीश बाई होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्या म्हणाल्या, आधी ऐकून तर घेऊ या.

आजींना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून मला त्या उंच वाटल्या होत्या. त्या अगदी लहानखुऱ्या होत्या, सुती साडीवर मुलाचा जाडा कोट घातलेल्या. मागच्या बाकावर मुलगा आणि सून. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

वकील मुलीने मोठ्या पडद्यावर रेकॉर्डिंग लावलं. पोलिसाच्या छातीवर कॅमेरा असतो, त्याने सगळं टिपलं होतं. मी फोनवर फक्त ऐकलं होतं. आता दिसलं. हॉस्पिटलची अरुंद खोली, टेबलावर फोन, त्यातून येणारा माझा आवाज, आणि खुर्चीत बसलेल्या आजी. 'मीच भाजलं हो' म्हणताना त्या दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेत होत्या. तळव्यांचा आवाज ऐकू येत होता. त्या दिवशी मी तो ऐकला होता आणि मला वाटलं होतं, पलीकडे कुणी फाइल आपटतंय.

आणि त्या रडण्यावर माझं ते इंग्रजी. स्वच्छ, शांत, व्याकरणशुद्ध.

वकील मुलगी म्हणाली, "डिटेक्टिव्ह म्हणाला, काय झालं ते सांगू दे. तुम्ही मराठीत काय म्हणालात?"

मी सांगितलं.

"पहिला शब्द काय आहे? आजी?"

"ग्रँडमदर."

"डिटेक्टिव्हने तो शब्द उच्चारला होता?"

"नाही."

"मग तुम्ही का घातलात?"

मला वाटलं होतं, मला 'मीच'बद्दल विचारतील. त्याची तयारी करून आले होते. याची नव्हती केली. मी म्हणाले, "आमच्यात म्हाताऱ्या बाईला नुसतं 'काय झालं सांगा' म्हणता येत नाही. ते फार कोरडं वाटतं. मी ठरवून नाही म्हणाले. तोंडातून आलं."

"म्हणजे पोलिसाच्या प्रश्नात जी आपुलकी नव्हती, ती तुमच्या प्रश्नात होती?"

सरकारी वकील उठून उभा राहिला. न्यायाधीश बाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि मला म्हणाल्या, "उत्तर द्या."

"हो," मी म्हणाले.

मग ती 'मीच'कडे आली. त्या शेवटच्या अक्षराचं काम काय, तिने विचारलं. सरकारी वकिलाने हरकत घेतली, साक्षीदार भाषातज्ज्ञ नाही. न्यायाधीश म्हणाल्या, ऐकू या. मी सांगितलं, की मूल पळताना पडलं आणि आई तेव्हा स्वयंपाकघरात असली, तरी आई म्हणते, मीच पाडलं बाई माझ्या पोराला. त्याचा अर्थ तिने ढकललं असा नसतो. मी तिथे असायला हवी होते, असा असतो.

सरकारी वकिलाने मला दोनच प्रश्न विचारले. "तुम्ही त्या दिवशी केलेलं भाषांतर शब्दशः बरोबर होतं का?"

"हो."

"आणि तिने अपघाताने भाजलं, असं ती कुठे म्हणाली का?"

मला वाटलं, म्हणावं, अहो, सगळं तेच तर म्हणत होत्या त्या. नळाचा दांडा, टॉवेल, पहिलं ओरडणं. पण 'अपघात' हा शब्द? तो त्यांनी उच्चारला नव्हता. मी आठवून पाहिलं. खरोखर नव्हता.

"नाही," मी म्हणाले.

न्यायाधीशांनी काही दिवसांनी निकाल दिला. जबाब ज्यूरीपुढे जाईल. दुभाषीलाही साक्षीला आणावं लागेल, म्हणजे तिला प्रश्न विचारता येतील. वकील मुलीने जे मागितलं होतं त्यातलं अर्धं मिळालं. पण ज्यूरीतले बारा जण मराठीतला 'च' समजून घेतील की जबाबातलं इंग्रजी वाचतील, याचा भरवसा कोण देणार? डॉक्टर साक्ष देणार होते, की भाजल्याच्या खुणा मूल कढत पाण्यात मुद्दाम धरून ठेवल्यासारख्या दिसतात. बचावाच्या बाजूचे डॉक्टर सांगणार होते, की बूच लावलेल्या टबमध्ये उभ्या मुलाच्याही तशाच दिसतात.

खटला उभाच राहिला नाही. सरकारी पक्षाने तडजोड पुढे केली. कमी गंभीर गुन्हा कबूल करायचा, तुरुंग नाही, पासपोर्ट परत, भारतात जायचं. वकील मुलीने त्यांना सांगितलं होतं, की नंतर पुन्हा व्हिसा मिळणं जवळजवळ अशक्य आहे. आजींनी लगेच हो म्हटलं.

कबुलीच्या दिवशी मी कोर्टात गेले. आता साक्षीचा प्रश्न नव्हता, मला अडवणारं कुणी नव्हतं. नवऱ्याला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला, "मी येऊ का बरोबर?" आम्ही दोघं शेवटच्या बाकावर बसलो. कोर्टाचा दुभाषी त्या दिवशी दुसराच होता, पडद्यावरून बोलणारा, चांगल्या स्वच्छ मराठीचा गृहस्थ. तुम्ही दबावाखाली नाही ना, तुम्हाला सगळं समजलं ना, असे न्यायाधीशांचे प्रश्न तो सांगत गेला. प्रत्येक प्रश्नाला आजी मान हलवायच्या, आणि तो म्हणायचा, "कृपया तोंडाने सांगा." तो त्यांना कुठल्याच नात्याने हाक मारत नव्हता. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? आजी म्हणाल्या, "हो. आहे." इतक्या सहज, की मला वाटलं, या बाईला बाळ भाजल्या क्षणापासून हेच विचारायला हवं होतं आणि हेच उत्तर तिने सगळ्यांना दिलं असतं. देवालाही.

बाहेर आल्यावर मुलगा गाडी आणायला गेला. आजी लिफ्टजवळच्या बाकावर बसल्या होत्या. नवरा मागे राहिला. मी जवळ गेले, पण काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

त्याच म्हणाल्या, "बसा ना."

मी बसले.

"त्या दिवशी मी विचारलं, मराठी आहात का. तुम्ही काही बोललाच नाहीत."

"मला परवानगी नव्हती, आजी."

"असं होय." त्यांनी कोटाचं बटण लावलं. ते त्यांना नीट लागेना, मी लावून दिलं. "पण मला कळलंच की. सकाळपासून नुसतं इंग्रजी चाललं होतं माझ्याभोवती. कोणी विचारतंय काय, मी सांगतेय काय. तेवढ्यात तुम्ही आजी म्हणालात. मला वाटलं, आलं बाई आपलं माणूस. आता मन मोकळं करायला हरकत नाही. ही समजावून सांगेल त्यांना."

"मी तुम्ही म्हणालात तेच सांगितलं," मी म्हणाले.

"हो ना. मी म्हणाले होतेच तसं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलू शकले असते. "तुम्ही कुठल्या?"

"सांगलीच्या."

"सांगलीच्या का! माझी धाकटी जाऊ तिकडचीच." मग त्यांनी मला जावेच्या माहेरचं गाव सांगितलं, आणि मला ते माहीत होतं याचा त्यांना आनंद झाला. मुलगा आला. मला बघून तो थबकला. मग त्याने आईला हात देऊन उठवलं आणि दोघं लिफ्टमध्ये गेले. त्या महिनाअखेरीला आजी भारतात परत गेल्या. जायच्या आधी नातवाला भेटायची परवानगी मिळाली, असं मंडळातून कळलं.

मी काम सोडलं. सुपरवायझरने खूप समजावलं, तुमच्याकडून काहीच चुकलेलं नाही, तुमचं रेकॉर्ड उत्तम आहे. मला तेच ऐकवत नव्हतं. चुकलं असतं तर माफी मागता आली असती, पुढच्या वेळी काय करायचं नाही ते कळलं असतं. मी आजही तो कॉल पुन्हा घेऊन बघते. 'आजी' गाळून बघते. मग त्या घाबरून गप्प बसल्या असत्या आणि कदाचित ते त्यांच्या भल्याचं झालं असतं. पण एका रडणाऱ्या म्हाताऱ्या बाईशी तसं बोलणारी बाई मी झाले असते, आणि तीही मला नको आहे. 'मीच'चं काहीतरी दुसरं इंग्रजी करून बघते. माझ्यामुळे झालं, असं सांगितलं असतं तर? पण त्या तसं म्हणाल्या नव्हत्या. प्रत्येक वेळी मी त्याच वाक्यापाशी येते आणि प्रत्येक वेळी ते बरोबर असतं.

या वर्षी इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर निवडताना समोर त्यांची सून उभी राहिली. ट्रॉलीत मुलगा बसला होता, बिस्किटाचा पुडा फोडायच्या खटपटीत. मी नजर वळवली, पण ती सरळ माझ्याकडेच आली. मला वाटलं, आता ही बोलणार. बोलू दे.

"काकू, तुम्ही कोर्टात होतात," ती म्हणाली.

"हो."

"मला एक सांगायचं होतं. कुणालाच नाही सांगितलेलं." ती हळू बोलत होती, आजूबाजूला बघत. "त्या दिवशी पोलिसांनी मला बाहेर बसवलं होतं. नंतर त्यांनी आईंचं स्टेटमेंट दाखवलं, इंग्रजीत. ते वाचून मला वाटलं, केलं असेल त्यांनी. खीर सांडली म्हणून रागाच्या भरात. आदल्या दिवशी आमचं थोडं वाजलंही होतं. बरेच दिवस मला खरंच तसं वाटत होतं. मी त्यांना एकदाही भेटायला गेले नाही. मग कोर्टात ते रेकॉर्डिंग लागलं आणि मी मराठीत ऐकलं." तिने मुलाकडे बघितलं. "मला एका सेकंदात कळलं, काकू. माझी आईही असंच बोलते."

मला तिला काही सांगायचं होतं. की माणूस वाचतं तेच खरं धरतं, की तुझी काय चूक. मला लोकांनी सांगितलेली सगळी वाक्यं माझ्याकडे होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"त्यांना सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही. रोज व्हिडिओ कॉल करतो ना आम्ही. बाळ समोर असतं. त्या आधी त्याचे पाय दाखवायला सांगतात. मी दाखवते." पोराने पुडा फोडला आणि बिस्किटं ट्रॉलीभर सांडली. ती वाकून गोळा करायला लागली. मीही खाली बसले आणि तिला गोळा करू लागले.